बर्फात ट्रेलर न्या, पण नळ बंद ठेवून

अमेरिकेत मिनेसोटातल्या मिनियापोलिसजवळ राहणाऱ्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. बरंच मोठं आहे, ओळखीच्या खुणा काढून थोडक्यात सांगते. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, मुलं ११ आणि ६ वर्षांची. या उन्हाळ्यात त्यांनी २०१७ सालचा २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, सेकंडहँड घेतला, चार-पाच ट्रिपा मस्त झाल्या. आता नवऱ्याच्या मनात आलंय की २६ ते ३० डिसेंबर, चार रात्री, लेक सुपीरियरच्या नॉर्थ शोअरला (उत्तर किनाऱ्याला) ट्रेलर घेऊन जायचं, ऐन बर्फात. साताऱ्याहून सासूबाई आल्यात, वय ७१, गुडघ्यांचा त्रास आहे, त्यांनाही न्यायचं, कारण "आईला खरा बर्फ दाखवायचाय". नवरा म्हणतो ट्रेलरवर फोर सीझनचा (चारही ऋतूंत चालेल असा) स्टिकर आहे, फर्नेस (गॅसवर हवा गरम करणारी भट्टी) आहे, दोन सिलिंडर आहेत, वर दोन इलेक्ट्रिक हीटर घेऊ, मग कसली थंडी? ऑक्टोबरमध्ये पाइपांत अँटीफ्रीझ (थंडीत न गोठणारं द्रव) भरून ट्रेलर बंद केला होता, तो परत चालू करायचा त्याचा बेत आहे. हिची मात्र झोप उडालीय. ती लिहिते, "मी नाही म्हटलं तर सगळ्यांचा विरस, हो म्हटलं तर माझा जीव टांगणीला. मी उगाच घाबरतेय का? आणि जायचंच असेल तर आत गरम कसं ठेवायचं एवढं तरी सांग, ताई."

अगं, तू उगाच घाबरत नाहीयेस. आणि तुझा नवराही काही वेडेपणा करत नाहीये, हेही लगेच सांगून टाकते, कारण तुझ्या पत्रात मला असं वाटलं की दोघांपैकी एक जण बरोबर आणि एक जण चूक ठरायलाच हवा असं तू धरून चाललीयस. आम्ही अकरा हिवाळे ट्रेलर घेऊन बर्फात जातोय. सकाळी खिडकीबाहेर पांढरंशुभ्र रान, आत पोरं गोधडीत गुरफटलेली आणि गॅसवर आल्याचा चहा, हे सुख मी कुणाला नको म्हणणार नाही. पण मला तुझा शेवटचा प्रश्न खटकला, "आत गरम कसं ठेवायचं". माणसं गरम ठेवणं त्यातल्या त्यात सोपं असतं गं. स्वेटर आहे, रजई आहे, एकमेकांना चिकटून झोपता येतं. पाइपांना हे काही करता येत नाही.

आमचीच गोष्ट सांगते. पहिल्या हिवाळ्यात आम्ही वीज असलेली जागा घेतली आणि गॅस वाचवायचा म्हणून रात्रभर इलेक्ट्रिक हीटर लावला. आत ६८ फॅरनहाइट, इतकं उबदार की धाकट्याने मोजेसुद्धा काढून टाकले. सकाळी नळ उघडला तर थेंब नाही. आम्हाला वाटलं दुपारी ऊन आलं की सुटेल, आणि सुटलंही, पण शॉवरखालचा एक एल्बो (पाइपाचा कोपऱ्यातला जोड) तडकला होता तो आम्हाला घरी आल्यावर कळला, तोवर फरशीखालचं प्लायवूड भिजून फुगलं होतं. ते काढून बदलण्यात सगळा वसंत गेला. झालं काय होतं, तर पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि पाइपात त्याला जायला जागा नसते. आणि ते गोठलं का, तर फर्नेसची गरम हवा फक्त खोलीत येत नाही, बऱ्याच ट्रेलरमध्ये तिचा एक फाटा खाली पोटात जातो, टाक्या आणि पाइप असतात तिथे. आम्ही हीटरने खोली गरम ठेवली, थर्मोस्टॅटला वाटलं सगळं ठीक आहे, फर्नेस रात्रभर चालूच झाली नाही, आणि वर आम्ही मोजे काढून झोपलेलो असताना खाली पोटात सगळं गोठत होतं. तुझा नवरा दोन हीटर न्यायचं म्हणतोय ना, त्याला ही गोष्ट वाचून दाखव. हीटर नकोच असं नाही, पण पाइपांत पाणी असेल तर फर्नेस चालूच राहिली पाहिजे, हीटर फक्त मदतीला.

आता तो स्टिकर. फोर सीझन म्हणजे काय याची सगळ्या कंपन्यांना बांधील अशी एक व्याख्याच नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या हिशोबाने लावते. कुणाचं म्हणजे खालून पोट बंद केलेलं आणि त्यात गरम हवेचा पाइप सोडलेला, कुणाचं म्हणजे टाक्यांना हीटिंग पॅड, आणि कुणाचं म्हणजे नुसता फॉइलचा एक थर. भिंत पाहिलीस तर जेमतेम दीड-दोन इंचांची, खिडक्यांना बहुतेक एकेरी काच. तेव्हा स्टिकरवर वाद घालत बसू नका, टॉर्च घेऊन दोघंही ट्रेलरखाली वाका आणि बघा, पोट बंद आहे का, गरम हवेचा पाइप तिथवर पोचतो का, आणि ग्रे-ब्लॅक टाक्यांचे (ग्रे म्हणजे सांडपाण्याची, ब्लॅक म्हणजे टॉयलेटची) व्हॉल्व्ह आत आहेत की बाहेर उघड्यावर लोंबतायत. बाहेर असतील तर वरचं सगळं गरम असूनही व्हॉल्व्ह गोठणार, आणि गोठलेला व्हॉल्व्ह जोर लावून ओढला की दांडा हातात येतो.

तर माझा खरा सल्ला असा आहे की ऑक्टोबरमध्ये भरलेलं ते गुलाबी अँटीफ्रीझ काढूच नका. ट्रेलर बंद केलाय तसाच बंद राहू दे, पाण्याच्या बाबतीत. फर्नेस, दिवे, पलंग, गॅसची शेगडी सगळं वापरा, फक्त नळ आणि टाक्या वापरायच्या नाहीत. आमच्याकडे याला आम्ही कोरडं कॅम्पिंग म्हणतो आणि त्या पहिल्या हिवाळ्यानंतर कडाक्याच्या थंडीत आम्ही दुसरं काही केलेलंच नाही. नॉर्थ शोअरच्या तोंडाशी असलेल्या दुलुथ शहरात जानेवारीच्या रात्री सरासरीच उणे १६-१७ सेल्सिअसला जातात, डिसेंबरअखेरही फार वेगळं नसतं, आणि सरासरी म्हणजे निम्म्या रात्री त्याहून वाईट. अशा थंडीत २६ फुटी ट्रेलरचा प्रत्येक पाइप, प्रत्येक सांधा, पंप, व्हॉल्व्ह चार रात्री वाचवायचा म्हणजे सुट्टीभर पहारा द्यायचा. आणि कशासाठी? मिनेसोटाच्या स्टेट पार्कांत हिवाळ्यात कॅम्पिंग चालू असतं, पण बहुतेक ठिकाणी नळ, शॉवर आणि डंप स्टेशन बंद असतात. म्हणजे टाकी भरायला पाणी नाही आणि भरलेली टाकी रिकामी करायला जागा नाही, मग नळ चालू करून मिळणार काय? सगळ्या जागांवरचा बर्फही काढलेला नसतो, त्यामुळे बुकिंगआधी त्या पार्कला फोन करून विचारा की २६ फुटी ट्रेलर शिरेल अशी मोकळी केलेली, वीज असलेली जागा डिसेंबरात मिळते का, आणि टॉयलेट कुठलं उघडं असतं.

कोरडं राहायचं कसं हे सांगते कारण इथेच लोक अडतात. पिण्याचं, स्वयंपाकाचं, हात धुवायचं धरून आम्ही माणशी दिवसाला जवळपास चार लिटर पाणी धरतो, तुम्ही पाच जण म्हणजे पाच गॅलनचा (सुमारे १९ लिटरचा) एक कॅन दिवसाला, चार कॅन घरून भरून न्या आणि गाडीत किंवा डिकीत न ठेवता ट्रेलरच्या आत माणसांबरोबर ठेवा, नाहीतर चार दिवसांचं पाणी दगड होऊन बसतं. भांड्यांचं वरचं खरकटं कागदाने पुसायचं, एका टबात गरम पाणी घेऊन धुवायचं, ते पाणी सिंकमध्ये न ओतता झाकणाच्या बादलीत साठवायचं आणि पार्क सांगेल तिथे टाकायचं, जमिनीवर फेकायचं नाही. टॉयलेटला दिवसा पार्कचं, आणि रात्रीसाठी पिशवी लावायची पोर्टेबल कमोडची बादली मिळते ती आत ठेवा, सहा वर्षांचं पोर आणि ७१ वर्षांच्या आई रात्री दोन वाजता बर्फातून चालत जाणार नाहीत आणि जाऊही नयेत. सिंकमध्ये चुकून थोडं पाणी गेलंच तर मागोमाग कपभर अँटीफ्रीझ ओता. फक्त आरव्हीचंच (अशा राहायच्या गाड्यांसाठीचं), गुलाबी, प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं, गाडीच्या रेडिएटरचं असतं ते इथिलीन ग्लायकॉल, विष आहे, ते ट्रेलरच्या आसपासही नको. आणि आंघोळ! आपल्याकडे रोजची आंघोळ सुटली की सासूबाई अस्वस्थ होतात हे मला माहितीये, माझ्याही व्हायच्या. गरम पाण्याने अंग पुसून घ्यायचं दोन दिवस आणि मधली एक रात्र दुलुथ किंवा टू हार्बर्सला मोटेलात काढायची, सगळ्यांच्या आंघोळी, कपडे वाळवणं, पाणी परत भरून घेणं, आणि मोठ्यांना एक नीट झोप. यात कमीपणा काही नाही, आम्ही दर वेळी करतो.

गॅसचा हिशोब तुम्ही केला नसावा असं पत्रावरून वाटतं. आपल्याकडचा घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, चार माणसांच्या घरात महिना-दीड महिना जातो, त्यामुळे दोन सिलिंडर म्हणजे भरपूर असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. इथला वीस पौंडी सिलिंडर ९ किलोचा, त्यात साधारण ४ लाख ३० हजार बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं माप). फर्नेस ३० हजार बीटीयूची असेल तर सलग चालली तर चौदा तासांत एक सिलिंडर संपतो, आणि तिथल्या थंडीत ती रात्री निम्म्याहून जास्त वेळ चालतेच. म्हणजे दोन सिलिंडरांत दोन दिवस, फार तर अडीच. चार रात्रींसाठी मधे भरून घ्यावेच लागणार, सुट्टीत भरून देणारं दुकान कधी उघडं असतं ते आधी बघून ठेवा, आणि दुसरा सिलिंडर लागल्या लागल्या पहिला भरून आणा, संपायची वाट बघू नका. प्रोपेन स्वतः उणे ४२ सेल्सिअसपर्यंत वाफ होत राहतो त्यामुळे तो गोठेल ही भीती नको, पण ते छोटे ब्युटेनचे कॅन आणि त्यावरची टेबल शेगडी घरीच ठेवा, ब्युटेन शून्याच्या आसपासच वाफ व्हायचा थांबतो, बाहेर चहा करायला गेलात तर पेटणारच नाही.

विजेचं पण थोडं. फर्नेस गॅसवर चालते पण तिचा पंखा बॅटरीवर चालतो, आणि लेड-ॲसिड बॅटरी उणे १८ सेल्सिअसला जवळपास निम्मीच उरते, म्हणून विजेची जागा नसेल तर मी तुम्हाला जाऊच नका म्हणेन, पहिल्या ट्रिपेला तर नाहीच. मध्यरात्री बॅटरी संपली की गॅस भरलेला असूनही फर्नेस बंद. बॅटरी लिथियमची असेल तर शून्याखाली ती चार्ज करू नये, खराब होते, बहुतेकांत तसं थांबवणारं सर्किट असतं पण तुमच्या बॅटरीत आहे का ते बघा. आणि ३० अँपची जोडणी म्हणजे ३६०० वॉट, १५०० चा एक हीटर साडेबारा अँप खातो, दोन लावले आणि कुणी मायक्रोवेव्ह चालू केला की ब्रेकर पडला. एकच हीटर ठेवा, थेट भिंतीच्या प्लगमध्ये, एक्स्टेंशन नाही, पांघरुणांपासून तीन फूट लांब, आणि सगळे झोपले की बंद.

आता जे सांगते ते मात्र नीट वाच आणि नवऱ्यालाही वाचायला लाव. शेगडी पेटवून ट्रेलर गरम करायचा नाही. कधीच नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. फर्नेसचा धूर बाहेर जायची सोय केलेली असते, शेगडीची नसते, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि थंडीत दमलेल्या माणसाला हे सगळं तसंही होतच असतं म्हणून कुणी लक्ष देत नाही. तुमचा ट्रेलर २०१७ चा आहे, आतला अलार्म मूळचाच असेल तर त्याचं आयुष्य संपलेलं आहे, बहुतेकांचं पाच ते सात वर्षं असतं, मागे तारीख छापलेली असते, आज संध्याकाळीच काढून बघा आणि नवा लावा, शिवाय पलंगाजवळ बॅटरीवरचा एक वेगळा ठेवा. प्रोपेनचा अलार्म खाली फरशीजवळ असतो कारण तो गॅस हवेपेक्षा जड आहे, त्याच्यापुढे सामान, बूट रचू नका. बर्फ पडला की दर दोन-तीन तासांनी बाहेर जाऊन फर्नेसचं धुराडं मोकळं आहे ना ते बघायचं, वाऱ्याने उडालेला बर्फ बरोबर तिथे साठतो. आणि अलार्म वाजला तर कारण शोधत बसायचं नाही, आधी सगळे बाहेर, कोट नसला तरी बाहेर, गाडीत बसा. मुलांना हे घरी एकदा करून दाखवा, सहा वर्षांच्यालासुद्धा.

दमट हवेचा त्रास लोकांना आधी कळत नाही, कळतो तो तिसऱ्या दिवशी गादी उचलल्यावर. पाच माणसं रात्रभर श्वास सोडतात त्यातच लिटरभर पाणी हवेत जातं, आणि एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं, फर्नेसचं ते बाहेर जातं पण शेगडीचं आतच राहतं. त्यात आपला कुकर! तीन शिट्ट्या झाल्या की खिडक्यांवरून ओघळ सुरू, आणि रात्री त्याचाच बर्फ होतो, आतल्या बाजूने. म्हणून आम्ही भात-वरण घरून शिजवून नेतो, नुसतं गरम करायचं. थालीपीठाची भाजणी, पोळ्यांची चवड, पिठलं, मेथीचे लाडू, असं न उकळता होणारं किंवा पटकन होणारं न्या, आणि काही उकळायचंच असेल तर वरचा पंखा लावून, झाकण ठेवून. छताचा व्हेंट बोटभर उघडा ठेवायचा, रात्रीसुद्धा. गरम हवा बाहेर जाते म्हणून सगळे तो बंद करतात, आम्हीही करायचो, पण ओल्या अंथरुणात जास्त थंडी वाजते. सकाळी उठल्यावर गादी भिंतीपासून ओढून उभी करा, खाली हात फिरवून बघा.

बाकीची बारीकसारीक. जॅकचे पाय आणि टायर लाकडी फळीवर ठेवा, नाहीतर जमिनीला चिकटून गोठतात. स्लाइडआउट (बाहेर सरकवून खोली मोठी करायचा भाग) असेल तर शक्य तितका आतच राहू द्या, बाहेर काढला तर आत घेण्याआधी वरचा बर्फ झाडूनच घ्यायचा. ऑनिंग (बाहेरचं गुंडाळायचं छप्पर) उघडायचंच नाही.

आता सासूबाई. तुझ्या पत्रात नवऱ्याला आईंना बर्फ दाखवायचाय, तुला आईंची काळजी वाटतेय, पण आईंना काय हवंय ते कुणी विचारलेलं दिसत नाही गं. विचार ना त्यांना, तुम्ही दोघीच असताना, निवांत चहा घेताना. कदाचित त्या म्हणतील मला जायचंय, कदाचित म्हणतील तुम्ही जा मी घरी पूजा-वाचन करत बसते, आणि मुलाचं मन मोडू नये म्हणून इतके दिवस गप्प बसल्या असतील. मला विचारशील तर ट्रेलरची पायरी उंच आणि अरुंद, त्यावर बर्फ, खाली बर्फ, आणि दुखरे गुडघे, हे मला गॅसपेक्षा जास्त भीतीचं वाटतं. त्यांना यायचं असेल तर त्यांच्यासाठी, आणि आलटून पालटून एका मोठ्यासाठी, जवळ मोटेलची किंवा केबिनची खोली घ्या, दिवसभर सगळ्यांबरोबर, रात्री पलंगावर, बाथरूम शेजारी. बुटांना लावायचे काटे त्यांच्यासाठी आत्ताच आणा आणि अंगणात चालून बघायला सांगा, आणि त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स पडण्या-मोडण्याला किती धरतो तेही वाचून ठेवा. नॉर्थ शोअरवरच्या गूजबेरी फॉल्स स्टेट पार्कला व्हिजिटर सेंटर बारमाही उघडं असतं, आत ऊब आहे, धबधब्याकडे जायची वाट तिथून जवळ आहे, आईंना बर्फ बघायला ती जागा फार छान आहे.

रस्त्याबद्दल एकच ठासून सांगते. बर्फातला ट्रेलर घसरला की गाडीलाही ओढून नेतो, आणि हे बहुतेक वेळा तेव्हा होतं जेव्हा उद्या ऑफिस आहे म्हणून वादळात निघावं लागतं. तुम्ही ३० ला परतताय, ३१ किंवा २ तारखेला कुणाचं काही अडतंय का? दोन दिवस राखीव ठेवा, आणि जातानाही, २६ ला हवा वाईट असेल तर २७ ला निघा. निघायच्या आधी ५११ वर (मिनेसोटाची रस्त्यांच्या माहितीची सेवा) रस्त्यांची स्थिती बघा. तापमान दहा फॅरनहाइट उतरलं की टायरची हवा साधारण एक पीएसआय कमी होते, उन्हाळ्यात भरलेली हवा डिसेंबरात पुरत नाही, थंड टायरवर मोजून भरा. क्रूझ कंट्रोल बंद. ट्रेलरच्या ब्रेकचा जोर कोरड्या रस्त्यासाठी लावलेला असतो, बर्फावर तेवढ्यात चाकं लॉक होतात, मोकळ्या पार्किंगमध्ये हळू चालवत तो कमी करून बघा. आणि आल्यावर खालून धुवून घ्या, रस्त्यावरचं मीठ चेसिस खातं.

दक्षिणेतल्या, डॅलस-अटलांटाकडच्या काही जणींनीही पूर्वी असंच विचारलं होतं. तुमच्याकडे एखादी रात्र गोठते, दुपारी सुटते, तेव्हा नळ बंद ठेवायची गरज नाही. संध्याकाळी बाहेरचा होज काढून आत ठेवा आणि टाकीतलं पाणी वापरा, सिंकखालची कपाटं उघडी ठेवा, फर्नेस चालू ठेवून झोपा, ग्रे-ब्लॅकचे व्हॉल्व्ह बंद ठेवून टाकी भरत आली की एकदमच सोडा, उघडे ठेवून थेंब थेंब जाऊ दिलं तर तो पाइपच बर्फाने बुजतो. सलग दोन-तीन दिवस शून्याखाली राहणार असेल तर मात्र हीटेड होज, टाक्यांचे पॅड आणि खालून झाकायची स्कर्टिंग हे सगळं लागतं, आणि एवढं करण्यापेक्षा माझ्या मते कोरडंच बरं.

आता तुझा पहिला प्रश्न, नाही म्हणू का. नाही नको म्हणूस आणि हो पण नको. त्याला म्हण, येत्या ज्या शनिवारी रात्री शून्य फॅरनहाइटच्या (उणे १८ सेल्सिअसच्या) आसपास जाणार असेल त्या रात्री आपण चौघं ड्राइव्हवेवर ट्रेलरमध्ये झोपू. शहराचा किंवा एचओएचा (घरांच्या सोसायटीचा) नियम आधी विचारून घ्या. नळ बंद, बादली आत, भात-वरण घरचं, सगळं तिथल्यासारखंच करायचं, फक्त दार उघडलं की घर. चार-पाच डॉलरचे तीन थर्मामीटर आण, एक फरशीवर, एक सिंकखालच्या कपाटात, एक तुमच्या पलंगाखाली भिंतीला लागून. आणि एक गोष्ट फक्त तुझ्यासाठी, सिलिंडरचा नॉब कुठे बंद होतो, फर्नेस परत कशी चालू करायची, ब्रेकरची पेटी कुठे आहे, हे त्या दिवशी तू स्वतःच्या हाताने करून बघ, तो शेजारी उभा राहू दे पण हात लावू देऊ नकोस. तुझ्या पत्रात "तो बघेल", "त्याला माहितीये" असं पाच वेळा आलंय. मला वाटतं तुझी निम्मी भीती थंडीची नाहीये, तर रात्री तीनला तो गाढ झोपलेला असताना काही झालं तर मला काय करायचं हे माहीतच नाही, याची आहे. ती भीती एका दुपारीत जाते गं, माझी गेली होती.

ती रात्र नीट गेली तर जा, खुशाल जा. नाही गेली तर दुलुथला केबिन घ्या आणि ट्रेलर एप्रिलपर्यंत झाकून ठेवा, लेक सुपीरियर कुठे जात नाही. आणि गेलात तर स्प्लिट रॉकचं दीपगृह दुपारी तीनच्या आत बघून घ्या, १९१० सालचं आहे, कड्यावर एकटं उभं, खाली गोठलेला किनारा, पण डिसेंबरअखेर तिथे साडेचारच्या आतच सूर्य मावळतो आणि अंधारात ट्रेलर पार्क करणं नको. शनिवारची रात्र झाली की सकाळी सहाला तिन्ही थर्मामीटरवरचे आकडे लिहून मला पाठव, कपाटातला विसरू नकोस.